ऊन कोणाचे, सावली कोणाची?

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका म्हणून एक गाव आहे. गावाच्या नावाला 'नाका' हा शब्द कायमचा चिकटलेला पाहून परक्या मनुष्यास थोडे नवल वाटते; परंतु ज्याला या भागाचा इतिहास ठाऊक आहे, त्यास नवल वाटण्याचे कारण नाही. एके काळी निजामाच्या राज्याची हद्द इकडे संपे आणि पलीकडे वऱ्हाड लागे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि दोन अंमल समोरासमोर उभे राहिले. व जेथे दोन अंमल भेटतात तेथे नाका हा आलाच. पुढे १९४८ साली निजामाचे राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा आणि वऱ्हाड एका राज्यात आले, आणि त्या जुन्या हद्दीची रेघ आता केवळ दोन जिल्ह्यांमधली रेघ म्हणून उरली आहे. जकात गेली, अंमलदार गेले, राज्येही गेली. नाव तेवढे राहिले.

नाका ही जागा प्रवाशाला कधीच आवडत नसते. परंतु तिच्यामागची कल्पना मात्र विचार करण्यासारखी आहे. नाक्यावर प्रत्येकास थांबावे लागे आणि दोन-तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत: गाडीत काय आहे, ते कोणाचे आहे, आणि त्यावरचे देणे दिले काय? आपल्या मनात जे नवे आणि चांगले विचार भरधाव येतात, त्यांस असा एखादा नाका असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. वाईट विचारांस आपण बहुधा अडवतोच. चांगल्या विचारांची गाडी मात्र कोणी उघडून पाहत नाही. हे म्हणण्याचे कारण सांगतो.

माझे आजोळ या भागातले असल्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस तिकडे जाण्याचा माझा परिपाठ आहे. मागील खेपेस गेलो असता तेथील काही होतकरू मंडळी मला भेटावयास आली. रस्त्याच्या कडेला थोडीशी मोकळी जागा आहे, तीवर सर्वांसाठी एक लहानशी बाग करावी, असे त्यांच्या मनात होते. बसावयास बाके, मुलांस झोके, म्हाताऱ्यांस फिरावयास पायवाट, एका बाजूस वर्तमानपत्रे वाचण्यापुरती पडवी, आणि हे सर्व उन्हाच्या विजेवर चालणारे: दिवे उन्हाचे, झाडांस पाणी देणारा पंप उन्हाचा. इमारतही हल्ली ज्यास 'हरित' म्हणतात त्या पद्धतीची. कल्पना मला फारच आवडली. "सर, अर्ज तुम्हीच लिहून द्या," असे मंडळी म्हणाली, आणि मीही तो मोठ्या हौसेने लिहून दिला. त्यात 'पर्यावरणपूरक', 'स्वयंपूर्ण', 'भावी पिढ्या' असे शब्द जागोजागी पेरले. लिहून झाल्यावर तो मी स्वतःशी दोनदा वाचला, हेही कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मोजमाप करण्यास एक कारागीर आला. त्याने जागेभोवती एक फेरी मारली, वर पाहिले, आणि म्हणाला, "हा लिंब नडतो." जागेच्या दक्षिण अंगास एक जुना, रुंद विस्ताराचा कडुलिंब उभा आहे. उन्हाची वीज करणाऱ्या प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून बसवाव्या लागतात, आणि थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेस कलला म्हणजे या लिंबाची सावली नेमकी त्यांवर येणार. एका कोपऱ्यावर जरी सावली पडली, तरी तेवढ्या कोपऱ्याचेच नव्हे, तर त्याच ओळीत जोडलेल्या इतर भागांचेही काम मंदावते. मोटेच्या जोडीतला एक बैल अडला म्हणजे दुसऱ्याचा जोर वाया जातो, तसेच हे. तेव्हा लिंब पार छाटावा, आणि खरे म्हणजे काढूनच टाकावा, असा त्याचा सल्ला पडला. मंडळींनी माझ्याकडे पाहिले. एका झाडाऐवजी पाच लावता येतील, असे मी म्हणालो आणि मान डोलावली.

त्या लिंबाखाली एक म्हातारी भाजलेल्या शेंगा आणि पेरू विकीत बसते. ती इतका वेळ आमचे बोलणे ऐकत होती. मी निघालो तेव्हा तिने मला हाक मारली आणि विचारले, "गुर्जी, दिव्याला ऊन पायजे म्हनून लिंब तोडायचा व्हय? मंग दुपारच्याला मान्सानं कुठं बसावं?" तिच्या स्वरात राग नव्हता, तिला खरोखरच माहिती हवी होती. तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात घालवलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. "पाहू, आजी," असे काहीतरी पुटपुटून मी चालता झालो. हा निबंध म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची उशिरा केलेली भरपाई आहे.

प्रश्न लहान दिसतो, पण नीतिशास्त्रात ज्यास अवघड म्हणतात त्याच जातीचा तो आहे. चांगले आणि वाईट यांच्यात निवड करावयाची असली, तर कठीण जाते ते आचरण. निर्णय कठीण नसतो. येथे दोन्ही बाजूंस चांगलेच उभे आहे. शिवाय दोन्ही एकाच पक्षातले. उन्हाची वीज आणि झाडाची सावली ही दोन्ही आपण पृथ्वीच्या कल्याणासाठीच हवी म्हणतो. घरातल्या घरात वाद लागावा आणि दोघांचेही म्हणणे रास्त असावे, तशी ही स्थिती आहे.

प्रथम उन्हाच्या विजेची बाजू पाहू. कारण तिची थट्टा करून प्रश्न सोपा करून घेणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मराठवाड्यातल्या मनुष्यास तर तिची थट्टा करण्याचा अधिकारच नाही. कोळशाची वीज नुसता कोळसा खात नाही, ती पाणीही पिते. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे पुष्कळांस स्मरत असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात घागरभर पाण्याचे मोल असे आहे, तेथे जी वीज पाणी मागत नाही, धूर सोडीत नाही, आणि जिचा कच्चा माल रोज सकाळी दारात येऊन पडतो, ती वीज हा केवळ सोयीचा विषय नाही, तो धर्माचा विषय आहे. ऊन हे आमच्या भागात इतके दिवस संकट म्हणून ओळखले जात होते. ते संपत्ती ठरू पाहत आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

हिशेबही तिच्या बाजूचा आहे. एक किलोवॉटच्या प्लेटांस सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते, आणि आपल्याकडे त्यांपासून दिवसाला सरासरी चार युनिटे वीज मिळते. वीस वॉटचा एक दिवा रात्रभर दहा तास जळला तर त्यास पाव युनिटही लागत नाही. म्हणजे खोलीएवढ्या जागेवर पडलेल्या उन्हात, होणारी नासधूस वजा जाता, पंधरा दिव्यांची बाग उजळते. उलट झाडाकडे पाहिले, तर अंगावर पडलेल्या उन्हापैकी शंभरातला जेमतेम एखादा भाग ते आपल्या अन्नात साठविते. हल्लीची चांगली प्लेट शंभरातले वीस भाग विजेत उतरविते. निव्वळ शक्तीच्या हिशेबाने पाहिले तर लिंबाचा पराभव ठरलेलाच आहे.

परंतु लिंबाखाली बसणारा मनुष्य तेथे शक्तीचा हिशेब करण्यास बसत नाही. येथेच पहिली गोम आहे. आपण एका वस्तूचे मोल दुसऱ्या वस्तूच्या मापाने करू लागलो की दुसरी नेहमीच जिंकते. लिंबास वीज करता येत नाही हे जितके खरे, तितकेच प्लेटेस कोकीळ बसविता येत नाही, पानगळीने माती सुपीक करता येत नाही, की भर दुपारी भोवतालची हवा चार अंशांनी निववता येत नाही, हेही खरे. माप कोणते घ्यावयाचे हे ज्याने ठरविले, त्याने निकालही ठरविला.

मग शक्तीचा उपयोग आणि बागेचे सुख ही एकत्र नांदूच शकत नाहीत काय? नांदू शकतात, आणि याचा पुरावा आमच्याच मराठवाड्यात आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ती बहुधा एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून पाहिली असेल. मी ती पुन्हा एकदा या प्रश्नाच्या दृष्टीने पाहावी अशी विनंती करतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही चक्की बसविण्यात आली. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगराजवळील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलेले. ते उंचावरून हौदात पडते, आणि त्याच्याच जोराने जाते फिरते. त्या जात्यावर दळलेले पीठ फकीर, वाटसरू आणि आवारात राहणारे विद्यार्थी यांच्या मुखी जात असे. पाणी जात्यास फिरवून संपले नाही. हौदात कारंजे झाले, आणि तेथून वाहून खाम नदीस मिळाले. याहून मौजेची गोष्ट म्हणजे या हौदाचा तळ हाच खालच्या एका मोठ्या दालनाचे छप्पर आहे. माथ्यावर पाणी असल्यामुळे त्या दालनात ऐन उन्हाळ्यातही गारवा. शेजारी एक विशाल वड.

आज आपण ज्यास अक्षय ऊर्जा म्हणतो, हरित इमारत म्हणतो आणि सार्वजनिक उद्यान म्हणतो, ती तिन्ही या एका आवारात एकत्र होती, आणि तिघांची नावे मात्र कोणास ठाऊक नव्हती. कोणतीही एक वस्तू दुसरीच्या जिवावर उठलेली तेथे दिसत नाही. पाण्याने दळले, निववले, रिझवले आणि ते पुढे गेले. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा जो विचार सांगितला आहे, त्याचा आशय असा की देवांनी दिलेले त्यांस परत न देता जो एकटा भोगतो तो चोर होय. सूर्य, वारा आणि पाणी यांचा उपभोग घेणाऱ्यास तर हे वचन अक्षरशः लागू पडते. ही शक्ती फुकट आहे असे आपण म्हणतो. ती फुकट नाही. तिचा मालक पावती मागत नाही, एवढेच.

आता आपल्या काळातील बागांकडे वळू. दुर्गापूर येथील केंद्र सरकारच्या यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०१६ साली 'सौरवृक्ष' तयार केला. एका लोखंडी खांबास फांद्यांसारखे हात आणि त्यांवर पानांसारख्या प्लेटा. जमीन थोडी अडते आणि वीज पुष्कळ मिळते. २०२० साली त्याच संस्थेने साडेअकरा किलोवॉटचा सौरवृक्ष उभारला. सिंगापूर येथे २०१२ साली खुल्या झालेल्या सागरकाठच्या उद्यानात तर पंचवीसपासून पन्नास मीटरपर्यंत उंचीचे अठरा पोलादी महावृक्ष आहेत, त्यांच्या अंगावर खऱ्या वेली वाढविल्या आहेत आणि त्यांपैकी काहींच्या माथ्यावर उन्हाची वीज तयार होते. हे पाहून नाक मुरडणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. जेथे जमीन दुर्मीळ आहे तेथे ती कमी अडविणारी वस्तू शोधणे हे बुद्धीचेच लक्षण आहे. लोखंडाचे झाड हे खोटे झाड नाही. तो वृक्षाचा आकार घेतलेला एक चांगला खांब आहे. खोटेपणा शिरतो तो वेगळ्या ठिकाणी. लोखंडाचे झाड उभे करण्यासाठी जेव्हा लाकडाचे झाड पाडले जाते, आणि वर त्यास 'हरित' म्हटले जाते, तेव्हा शब्दाने अर्थास दगा दिला असे होते. माझ्या अर्जात नेमके हेच घडले होते.

यावर एक सबळ आक्षेप येईल, आणि तो मी माझ्याच मनास पुष्कळदा घातला आहे. तुम्ही एका लिंबासाठी साऱ्या गावास अंधारात ठेवता काय? संध्याकाळी एस.टी.तून उतरणाऱ्या मुली, दिव्याखाली बसून परीक्षेचा अभ्यास करू इच्छिणारा मुलगा, पायाखाली साप आहे की दोरी हे न कळणारा म्हातारा, यांच्या उजेडापुढे एका झाडाची काय मातब्बरी? बेंथॅमच्या पंथाचा मनुष्य म्हणेल की पुष्कळांचे पुष्कळ सुख ज्यात आहे ते करावे; एका पारड्यात शंभर माणसे घाला, दुसऱ्यात एक लिंब आणि एक म्हातारी, आणि काटा पाहा.

ही बेरीज-वजाबाकी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे. तिच्यात दोन खाती उघडावयाची राहून गेली आहेत. पहिले खाते काळाचे. आपल्या मराठी राज्यनीतीच्या एका ग्रंथात ते फार स्पष्टपणे मांडलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना म्हटले आहे की आंबा, फणस यांसारखी झाडेही आरमाराच्या उपयोगाची खरी, पण त्यांस हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे पुष्कळ काळ वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. बलात्कार करू नये. हे सांगणारा मनुष्य पर्यावरणाचा अभ्यासक नव्हता. स्वराज्याचा अमात्य होता, आणि ज्या कामासाठी तो लाकूड नाकारीत होता ते काम बागेतल्या दिव्यांहून कितीतरी निकडीचे होते. राज्याच्या रक्षणासाठी जे करू नये, ते शोभेसाठी करावे काय?

'एकाऐवजी पाच लावू' हे माझे वाक्य या कसोटीस लावून पाहता मला आता लाज वाटते. पाच रोपे म्हणजे एक लिंब नव्हे. ती त्या लिंबाएवढी होईपर्यंत शेंगा विकणारी म्हातारी राहणार नाही, कदाचित मीही राहणार नाही. आणि रोपांपैकी किती जगतात हे प्रत्येक वृक्षारोपणाच्या समारंभानंतर दोन वर्षांनी त्या जागी गेलेल्या मनुष्यास ठाऊक आहे. उद्याची सावली आजच्या उन्हात बसणाऱ्यास देता येत नाही.

दुसरे खाते त्याहून महत्त्वाचे, आणि मला जे काही सांगावयाचे आहे ते त्यातच आले. प्लेट हलविता येते. लिंब हलविता येत नाही. दिवा वीस पावले उत्तरेस रोवता येतो, तार थोडी लांब ओढता येते, प्लेटा एखाद्या पक्क्या छपरावर चढविता येतात. त्यास थोडे पैसे अधिक पडतील, थोडी खटपट पडेल, एवढेच. लिंबास मात्र जागा सोडणे म्हणजे प्राण सोडणे. अशा दोघांचा वाद लागला म्हणजे ज्यास बाजूस होता येते त्याने बाजूस व्हावे, हा न्याय मला सर्वांत सरळ वाटतो. आगगाडीत म्हातारा मनुष्य चढला म्हणजे तरुणाने उठावे असे आपण मुलांस शिकवितो, ते काही म्हाताऱ्याचे सुख तरुणाच्या सुखाहून मोजमापाने मोठे ठरले म्हणून नव्हे. तरुणास उभे राहता येते, म्हाताऱ्यास येत नाही, इतकेच त्याचे कारण. हाच न्याय माणसांसही लागू आहे. बागेची आखणी आमच्यासारख्या शिकलेल्यांस हवी तशी बदलता येते. ऊन चढले तर आम्ही घरी जाऊ शकतो. त्या म्हातारीस दुसरा लिंब नाही. सार्वजनिक जागेवर पहिला हक्क कोणाचा, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ज्यास दुसरी जागा नाही त्याचा.

हे एकदा पटले म्हणजे उजेड की सावली हा वादच उरत नाही. उजेड हवाच, मुलींच्या वाटेवर दिवा नसावा असे कोण म्हणेल? परंतु तो सावलीस विचारून यावा. आणि यातून उजेडाबद्दलही एक प्रश्न निघतो: तो किती असावा? जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर लिहिताना एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. यंत्रे थोड्या कोळशात अधिक काम करू लागली म्हणजे कोळसा कमी लागेल असे लोकांस वाटते. वस्तुतः काम स्वस्त झाल्यामुळे यंत्रे वाढतात आणि कोळसा अधिकच लागतो. उन्हाच्या विजेबद्दलही ही भीती आहे. वीज फुकट म्हटल्यावर पाच दिव्यांच्या जागी पंचवीस लागतात, झाडांच्या बुंध्यांस रंगीत माळा गुंडाळल्या जातात, आणि निर्मनुष्य बाग पहाटेपर्यंत लखलखत राहते. सूर्यास्तानंतर झाड झोपते, त्याचे पान तोडू नये, असे आपल्या आज्या सांगत. त्या सांगण्यात वनस्पतिशास्त्र किती होते ते असो. अंधार हीही कोणाची तरी गरज आहे, हे मात्र त्यांनी ओळखले होते. घुबड, वटवाघूळ, काजवा आणि रात्री फुलांवर येणारे पतंग यांचे सारे संसार अंधारातच चालतात. वाट दिसेल एवढा, जमिनीकडे वळविलेला, आणि शेवटची गाडी गेल्यावर मंद होणारा उजेड माणसास पुरेसा आहे. त्याहून अधिक जो उजेड, तो उपयोगाचा नव्हे, मिरविण्याचा.

पडवीच्या बाबतीतही मला आता निराळे वाटते. हरित इमारत म्हटली की आपल्यास प्रमाणपत्र आठवते. हैदराबाद येथे २००४ साली उद्घाटन झालेले गोदरेजांच्या नावाचे हरित व्यवसाय केंद्र त्या काळी अमेरिकेबाहेर सर्वोच्च प्रमाणपत्र मिळविणारी पहिली इमारत म्हणून गाजले. २००७ पासून आपल्या देशाचीही 'गृह' या अन्वर्थक नावाची मूल्यांकनपद्धती चालू आहे. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे, कारण मोठ्या शहरांतील मोठ्या इमारतींस शिस्त लागावयास काही माप हवेच. गंमत एवढीच की हैदराबादच्या त्या इमारतीत मधोमध चौक आहे, वारा आत घेणारे मनोरे आहेत, आणि छपरावर हिरवळ आहे. म्हणजे आपल्या वाड्यांनी आणि मराठवाड्यातील माळवदांनी जे पिढ्यान्‌पिढ्या केले त्याचीच ती सुशिक्षित आवृत्ती आहे. जाड भिंती, वर मातीचे धाबे, दारापुढे ओटा: बाहेर चाळीस अंशांचे ऊन असता माळवदाच्या घरात निजता येत असे.

१९३६ साली वर्ध्याजवळील सेगावात गांधीजी राहावयास गेले, तेव्हा त्यांनी घातलेली अट अशी होती की घर तेथल्याच सामानाचे आणि तेथल्याच कारागिरांच्या हातचे असावे, आणि खर्च बेताचा असावा. माती, बांबू आणि कवेलू यांच्या त्या कुट्या सेवाग्रामात आजही उभ्या आहेत. त्यांच्या भिंतीवर कसलेही प्रमाणपत्र टांगलेले नाही. आम्ही मात्र आमच्या हरित बागेत पायवाटेवर सिमेंटचे ठोकळे बसविण्याचे योजले होते. चुनखडी भाजून सिमेंट करताना किती धूर आकाशात जातो याचा विचार दूरच राहो. त्या ठोकळ्यांखाली पावसाचे पाणी मुरत नाही आणि लिंबाच्या मुळांस श्वास मिळत नाही, हे तर डोळ्यांपुढचे होते. मुरमाची पायवाट पावलांस मऊ लागते, पाणी पिते, आणि मुरूम जवळच मिळतो. पण मुरूम अर्जात चांगला दिसत नाही, हीच खरी अडचण.

आणि बाग झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न तर आम्ही विचारलाच नव्हता. आपल्याकडे सार्वजनिक वस्तूंचे जन्मोत्सव थाटात होतात. त्यांचे संगोपन कोणाकडे, ते मात्र कोणी सांगत नाही. प्लेटेचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते, पण मराठवाड्याची धूळ तिच्यावर आठवड्याभरात बसते, आणि ती पुसण्यास कोणीतरी फडके घेऊन चढावे लागते. बॅटरी काही वर्षांत थकते. ती कोठे टाकावयाची, कोणी आणावयाची? जुन्या प्लेटांचीही रीतसर विल्हेवाट लागावी म्हणून २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश करावा लागला, यावरून हा प्रश्न कल्पनेतला नाही हे उघड आहे. २०२० साली राज्य सरकारने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले, तेव्हा भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांचे स्मरण गावोगाव करून दिले. त्या नावातला 'माझी' हा शब्द मला सर्वांत अवघड वाटतो. जे सर्वांचे ते माझे, असे मानून फडके हाती घेणारा एक मनुष्य ज्या बागेस मिळतो, ती बाग हरित होते. ज्या बागेस तो मिळत नाही, तेथे मेलेले दिवे खांबांवर लोंबत राहतात, आणि ज्यासाठी झाड तोडले तो उजेडही उरत नाही.

असा सर्व विचार झाल्यावर मी दुसरा अर्ज लिहिला. तो पहिल्याइतका चांगला वठला नाही. प्लेटा जागेवर न लावता उत्तरेच्या अंगास पडवी बांधून तिच्या छपरावर बसवाव्यात. दिवे दहाऐवजी सहा असावेत. पायवाट मुरमाची असावी. लिंबाभोवती दगडांचा पार बांधावा, पण मुळांपासून जरा दूर. आणि धूळ पुसण्याचे काम कोणाकडे राहील ते आरंभीच ठरवावे, एवढेच त्यात आहे. तारेचा आणि बांधकामाचा खर्च थोडा वाढतो, तो मी लपविलेला नाही. 'सर आधी एक म्हणतात आणि मग दुसरे,' असे मंडळींपैकी एक-दोघे बोलल्याचे माझ्या कानी आले. ते खरेच आहे. मला त्याचे वाईट वाटले नाही असे नाही. परंतु पहिल्या अर्जातली सुंदर वाक्ये आठवली म्हणजे हे बोलणे सोसण्याइतके हलके वाटते. काय ठरते ते अद्याप कळावयाचे आहे. ज्यांना तेथे राहावयाचे आहे त्यांनीच ते ठरवावे हे योग्य होय. आम्ही सुटीतले पाहुणे.

परतीच्या दिवशी एस.टी.ची वाट पाहत मी त्या लिंबाखाली उभा होतो. भर बाराची वेळ होती. रस्त्यावरचे डांबर उन्हाने चकाकत होते, आणि सावलीच्या कडेवर एक कुत्रे, दोन शेळ्या, सायकल दुरुस्त करणारा एक मुलगा आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई अशी सारी मंडळी दाटीवाटीने, पण बिनतक्रार उभी होती. मी आजीकडून शेंगा घेतल्या. "काय ठरलं, गुर्जी?" असे तिने विचारले. अजून काही नाही, पण लिंब राहावा असे मी लिहून दिले आहे, असे मी सांगितले. तिने शेंगांचा पुडा बांधला, त्यात एक मूठ अधिक टाकली, आणि तिचे पैसे घेतले नाहीत. एके काळी या नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडून जकात घेत असत. आता तेथे जे उरले आहे ते कोणाकडून काही घेत नाही. वाटसरूने आपले देणे ओळखून ते स्वतःच द्यावयाचे आहे. गाडी आली, आणि मी उन्हात पाऊल टाकले.